कीटकांचे जीवनचक्र : फळ्यावरील आकृतीपासून पाण्याच्या पिंपापर्यंत

इयत्ता आठवीतील विद्यार्थ्याला डासाचे जीवनचक्र विचारले, तर अंडी, अळी, कोष आणि प्रौढ या चार अवस्था तो क्रमाने सांगतो; बाणांनी जोडलेली वर्तुळाकार आकृतीही बिनचूक काढून दाखवितो. घरामागच्या पाण्याच्या पिंपात वळवळणारे जीव कोणते, या प्रश्नाला मात्र त्याच विद्यार्थ्याकडून ‘पाण्यातले किडे’ यापलीकडे उत्तर मिळेलच असे नाही. आकृतीतील अळी आणि पिंपातील किडा एकच, ही ओळख पटविणे हे खरे तर या पाठाचे काम होय. ते झाले नाही तर परीक्षेत गुण मिळतात आणि पिंपात डासही वाढत राहतात.

भारतासारख्या देशात हा विषय प्राणिशास्त्राच्या एका प्रकरणापुरता मर्यादित राहत नाही. हिवताप व डेंग्यूचा प्रसार, कापसावरील बोंडअळी, साठवणीतील कडधान्याची नासाडी, टोळधाड, तसेच रेशीम उद्योग व मधमाशीपालन यांसारखे ग्रामीण व्यवसाय, या सर्वांच्या मुळाशी कीटक केव्हा, कोठे आणि कसा जन्मतो हा एकच प्रश्न आहे. शिवाय प्रजननासारखा विषय वर्गात मोकळेपणाने आणण्याची सर्वांत सोपी वाटही कीटकांवरूनच जाते. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात आरोग्य, कृषी आणि शिक्षण हे तीन घटक वेगवेगळ्या शीर्षकांखाली येतात. कीटकांच्या जीवनचक्रात ते एकत्र भेटतात.

‘आपोआप’ होणारे किडे

मुले वर्गात येतात ती कोरी पाटी घेऊन येत नाहीत. डाळीला कीड ‘लागते’, भाजीत अळी ‘पडते’, पावसाळ्यात डास ‘होतात’, अशी भाषा ती घरी ऐकत असतात. या क्रियापदांत कोणी जन्म देणारा नाही. कीड जणू डाळीतूनच, घाणीतूनच उपजते, असा अर्थ मुलांच्या मनात नकळत रुजतो. हा समज अडाणीपणाचा म्हणून उडवून लावण्यासारखा नाही, कारण फार मोठ्या विचारवंतांनीही तो बाळगला होता. ऐतरेय उपनिषदात सजीवांचे अंडज, जारुज म्हणजेच जरायुज, स्वेदज आणि उद्भिज्ज असे चार वर्ग सांगितले आहेत. त्यांपैकी स्वेदज म्हणजे घामातून किंवा उष्ण ओलाव्यातून जन्मणारे. उवा, डास यांसारखे जीव या वर्गात गणले जात. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचेही मत याहून फार वेगळे नव्हते.

या कल्पनेला प्रयोगाने आव्हान दिले ते इटलीतील वैद्य फ्रान्चेस्को रेदी याने, १६६८ मध्ये. त्याने काही बरण्यांत मांस उघडे ठेवले आणि काही बरण्यांच्या तोंडावर तलम कापड बांधले. उघड्या मांसात अळ्या झाल्या, झाकलेल्या मांसात झाल्या नाहीत. माश्या कापडावरच अंडी घालू लागल्या. प्रयोग साधा होता, परंतु ‘तुलनेसाठी दुसरी बरणी’ ही आधुनिक विज्ञानाची पद्धत त्यात स्पष्ट दिसते. पाठ्यपुस्तके सहसा येथेच थांबतात. झाडाच्या पानांवर येणाऱ्या गाठींमधील कीटक मात्र त्या झाडापासूनच निर्माण होतात, असे हाच रेदी मानीत राहिला, ही पुढची गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली जात नाही. एक प्रयोग एका प्रश्नाचे उत्तर देतो, सर्व प्रश्नांचे नव्हे, हे समजण्यास ती अधिक उपयोगी आहे.

रेदीचा प्रयोग वर्गात करावयाचा तर मांसाची गरज नाही. पिकलेले केळे आणि दोन बाटल्या पुरतात. एक बाटली उघडी ठेवावी, दुसरीवर तलम फडके बांधावे. फळमाशीचे जीवनचक्र उबदार हवेत साधारण दहा दिवसांत पूर्ण होत असल्याने मुलांची उत्सुकता टिकून राहते. मात्र येथे एक अडचण हमखास उद्भवते. काही वेळा झाकलेल्या बाटलीतही माश्या निघतात. अशा वेळी पुष्कळ शिक्षक ‘प्रयोग फसला’ असे म्हणून पुढच्या पाठाकडे वळतात. वास्तविक शिकविण्याची खरी संधी हीच असते. बाजारातून आणलेल्या केळ्याच्या सालीवर, विशेषतः ती फाटलेली असेल तर, अंडी आधीच घातलेली असू शकतात. हा तर्क मुलांकडूनच काढून घेता येतो. मग पुढच्या खेपेस साल काढून केळे उकडून घ्यावे किंवा एक तिसरी बाटली मांडावी, हेही तीच सुचवितात.

याहून सोयीचा प्राणी स्वयंपाकघरातच सापडतो. मूग, चवळी, हरभरा यांतून निघणारे लहान तपकिरी भुंगेरे प्रत्येक घराला परिचित आहेत. या भुंगेऱ्याची मादी दाण्याच्या पृष्ठभागावर एकेक अंडे चिकटविते. मुगाच्या हिरव्या सालीवर ते पांढऱ्या ठिपक्यासारखे नुसत्या डोळ्यांनी दिसते, भिंगातून तर स्पष्टच. अंड्यातून निघालेली अळी तळाची बाजू पोखरून थेट दाण्यात शिरते. तेथेच खाते, वाढते, कोषावस्थेत जाते आणि अखेर वाटोळे भोक पाडून प्रौढ भुंगेरा बाहेर पडतो. उन्हाळी तापमानात हा सारा प्रवास साधारणतः महिनाभरात संपतो. प्रौढाला अन्नाची गरज नसते, तो चावत नाही, त्याला दुर्गंधी नाही. मूठभर मूग, एक काचेची बरणी आणि रबराने बांधलेले फडके एवढ्या सामग्रीवर दोन-तीन पिढ्या पाहता येतात. एका जातीत तर नराच्या स्पर्शिका फणीसारख्या दातेरी आणि मादीच्या साध्या करवतीसारख्या असल्याने नर-मादी ओळखणेही शक्य होते.

या निरीक्षणाचा परिणाम घरापर्यंत पोहोचतो. कडधान्याला उन्हे दाखविणे, डाळीला एरंडेल तेलाचा हात लावून ठेवणे, राखेत साठविणे या आजीच्या पद्धतींचे कारण मुलांना कळू लागते. तेलाचा पातळ थर दाण्यावरील अंड्याचा श्वास कोंडतो. किडीचा आरंभ कणगीत नव्हे, तर पुष्कळदा शेतात पक्व शेंगांवरच झालेला असतो, हेही लक्षात येते. मग ‘डब्याचे झाकण घट्ट होते, तरी कीड कशी लागली?’ या जुन्या प्रश्नातील गूढ उरत नाही.

दोन प्रकारची रूपांतरे

कीटकाच्या शरीराला बाहेरून कायटिनयुक्त कठीण कवच असते. हे कवच वाढत नाही. म्हणून वाढीसाठी ते वेळोवेळी टाकून द्यावे लागते. यालाच कात टाकणे म्हणतात. दोन कातींमधील अळीची अवस्था म्हणजे एक टप्पा. रेशीमकिडा चार वेळा कात टाकतो, म्हणजेच त्याच्या अळीचे पाच टप्पे असतात, आणि पंचवीस-सव्वीस दिवसांत त्याचे वजन सुमारे दहा हजार पट होते.

या वाढीचा शेवट कसा होतो, यावरून रूपांतरणाचे दोन मुख्य प्रकार केले जातात. फुलपाखरू, पतंग, भुंगेरे, माश्या, डास, मुंग्या, मधमाश्या यांच्यात अळी आणि प्रौढ यांच्यामध्ये कोषाची अवस्था असते. हे पूर्ण रूपांतरण. टोळ, नाकतोडा, झुरळ, ढेकूण, चतुर यांच्यात अंड्यातून निघणारे पिल्लू प्रौढासारखेच, परंतु पंखांविना असते आणि प्रत्येक कातीगणिक पंखांचे अंकुर मोठे होत जातात; हे अपूर्ण रूपांतरण. ‘अपूर्ण’ या शब्दामुळे त्यात काही उणीव आहे असा गैरसमज होतो. खरे पाहता कीटकांच्या इतिहासात हीच पद्धत अधिक जुनी आहे.

मराठीत आणखी एक घोटाळा होतो. रेशीमकिड्याने स्वतःभोवती विणलेले धाग्याचे आवरण आणि त्या आवरणाच्या आत असलेली निश्चल अवस्था या दोहोंनाही आपण ‘कोष’ म्हणतो. पहिले घर आहे, दुसरा रहिवासी. फुलपाखराच्या कोषाभोवती रेशमाचे आवरण नसते, हे मुलांना दाखविले नाही तर प्रत्येक कोषातून रेशीम निघते, असे ती खुशाल लिहितात. ‘कोष म्हणजे विश्रांतीची अवस्था’ हे वाक्यही तितकेच फसवे आहे. बाहेरून हालचाल नसली तरी आत अळीच्या पुष्कळशा ऊती विरघळत असतात आणि अळीच्या शरीरात आरंभापासून राखून ठेवलेल्या पेशींच्या चकत्यांपासून पंख, पाय, डोळे घडत असतात.

कात केव्हा टाकायची आणि रूप केव्हा बदलायचे, हे संप्रेरके ठरवितात. कात टाकण्यास प्रवृत्त करणारे एक्डायसोन हे संप्रेरक जर्मन रसायनशास्त्रज्ञ ॲडॉल्फ ब्युटेनांट व पीटर कार्लसन यांनी १९५४ मध्ये रेशीमकिड्याच्या कोषांतून वेगळे केले. दुसरे ज्युव्हेनाइल हॉर्मोन. ते भरपूर असेपर्यंत प्रत्येक कातीनंतर पुन्हा अळीच निघते. त्याचे प्रमाण घटले की अळी कोषात जाते. डासांच्या अळ्यांना कात टाकू न देणारी किंवा त्यांना प्रौढ होऊ न देणारी कीटकनाशके याच ज्ञानातून तयार झाली.

अपूर्ण रूपांतरणाचे भारतातील ठळक उदाहरण वाळवंटी टोळाचे. मादी आपले उदर ओलसर वाळूत खोलवर खुपसून अंड्यांचा पुंजका घालते. बाहेर पडणारी पिल्ले पंखहीन असतात, ती थव्याने उड्या मारीत जमिनीवरून पुढे सरकतात. नियंत्रणाच्या दृष्टीने हाच काळ सर्वांत अनुकूल, कारण पंख फुटल्यावर थवा वाऱ्याबरोबर एका दिवसात कित्येक किलोमीटर अंतर कापतो. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या टोळ इशारा संघटनेचे काम म्हणूनच प्रामुख्याने राजस्थान व गुजरातच्या वाळवंटी पट्ट्यातील प्रजननक्षेत्रांवर लक्ष ठेवण्याचे आहे. २०२० च्या मे महिन्यात टोळांचे थवे राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून विदर्भात पोहोचले. ते आले तेव्हा त्यांची पिल्लांची अवस्था केव्हाच मागे पडली होती, आणि विदर्भातील शेतकऱ्यांच्या हाती डबे वाजविणे, धूर करणे आणि फवारणीची वाट पाहणे एवढेच उरले होते.

न लिहिलेला बाण

जीवनचक्राच्या आकृतीत चार चित्रे आणि चार बाण असतात. अंड्यापासून अळी, अळीपासून कोष, कोषापासून प्रौढ, या तीन बाणांवर पाठ्यपुस्तके सविस्तर लिहितात. प्रौढापासून अंड्याकडे जाणारा चौथा बाण मात्र बहुधा कोराच असतो. वर्तुळ पूर्ण होते ते याच बाणामुळे, आणि संकोचही येथेच आडवा येतो.

हा संकोच किती खोल आहे, याचा प्रत्यय २००७ मध्ये आला. शाळांतून राबवावयाच्या किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमावरून महाराष्ट्र, मध्य प्रदेश, कर्नाटक यांसह अनेक राज्यांत वाद झाला आणि काही राज्यांनी तो थांबविला. माणसाच्या प्रजननाविषयी बोलण्याची सुरुवात माणसापासूनच केली पाहिजे असे नाही. नर आणि मादी, शुक्रपेशी आणि अंडपेशी, फलन, फलित अंडे, वंशसातत्य या संकल्पना मुलांनी पतंग आणि भुंगेऱ्यांत आधी पाहिल्या असतील, तर पुढील इयत्तांतील पाठ हा एकदम कोसळणारा विषय राहत नाही. अर्थात कीटकांचा पाठ हा माणसाविषयीच्या पाठाला पर्याय म्हणून वापरला जाऊ नये. तो उंबरठा आहे. तेथेच बसून राहण्यात अर्थ नाही.

रेशीमपतंग या चौथ्या बाणासाठी सर्वांत चांगला शिक्षक आहे. कोषातून बाहेर पडलेला प्रौढ पतंग काही खात नाही, उडूही शकत नाही. त्याच्या चार-सहा दिवसांच्या आयुष्याला प्रजनन हे एकच काम असते. मादी उदराच्या टोकाकडील ग्रंथींतून एक गंधद्रव्य सोडते. नर आपल्या पिसासारख्या स्पर्शिकांनी ते टिपतो आणि पंख फडफडवीत तिच्याकडे धावतो. मिलन काही तास चालते. त्यानंतर मादी साधारण चारशे ते पाचशे अंडी घालते. या गंधद्रव्याची रासायनिक रचना ब्युटेनांट यांनीच १९५९ मध्ये शोधून काढली. त्यासाठी सुमारे पाच लाख पतंग वापरावे लागले. बॉम्बिकॉल असे नाव दिलेला हा पदार्थ म्हणजे रासायनिक रचना ज्ञात झालेले पहिले फेरोमोन होय. कापसाच्या शेतात टांगलेले ‘कामगंध सापळे’ याच तत्त्वावर चालतात. मराठी कृषिभाषेने घडविलेला हा शब्द इतका अचूक आहे की त्याचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

सर्व कीटकांत चौथा बाण एकसारखा नसतो, हेही विद्यार्थ्यांनी जाणले पाहिजे. मधमाश्यांची राणी आयुष्याच्या आरंभी हवेत अनेक नरांशी मिलन करते आणि मिळालेल्या शुक्रपेशी शरीरातील पिशवीत वर्षानुवर्षे साठवून ठेवते. ती अंडे फलित करते तेव्हा मादी जन्मते, अफलित अंड्यातून नर निपजतो. नराला पिता नसतो. मातेकडून आजोबा मात्र असतो. सिलेशियातील धर्मगुरू व मधमाशीपालक योहान झिर्झोन यांनी १८४५ मध्ये हा सिद्धांत मांडला. फलित अंड्यातून राणी होणार की कामकरी, हे अळीला मिळणाऱ्या अन्नावर ठरते. युरोपीय मधमाशीत राणी १६ दिवसांत, कामकरी २१ दिवसांत आणि नर २४ दिवसांत प्रौढ होतो. पिकावरील माव्याची तऱ्हा आणखी वेगळी. उबदार हवामानात माव्याच्या माद्या नराशिवायच, तेही अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देतात. जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीची वाढ आधीच सुरू झालेली असते. पानावर आज दिसणारे चार ठिपके आठवड्याभरात पान झाकून टाकतात, ते यामुळेच.

सिकंदराबाद, मुझफ्फरपूर, विदर्भ

जीवनचक्राच्या ज्ञानातून काय साधते याचे भारतातील पहिले उदाहरण सिकंदराबादचे. सर रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी तेथे डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परोपजीवीची वाढ पाहिली, ही नोंद सर्वच पुस्तकांत असते. त्यामागील युक्ती मात्र क्वचितच सांगितली जाते. रानातून पकडलेला डास आधी कोणाला चावला होता, हे कळण्यास मार्ग नाही. म्हणून रॉस यांनी पाण्यातील अळ्या आणून त्यांच्यापासून डास वाढविले. असे डास कोणालाही चावलेले नसल्याने हिवतापाच्या रुग्णाचे रक्त प्यायल्यानंतर त्यांच्यात जे दिसले, ते त्या रक्तातूनच आले असे म्हणता आले. अळीपासून डास होतो हे साधे ज्ञान, १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळवून देणाऱ्या संशोधनाचा पाया होते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नंतर तयार झालेल्या एनसीईआरटीच्या इयत्ता पाचवीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकात ‘मच्छरों की दावत’ या पाठात रॉस यांची कथा आणि शाळेच्या परिसरातील साचलेले पाणी शोधण्याचा उपक्रम एकत्र गुंफलेले होते, ही चांगली योजना होती.

अळ्या पाहताना जाती ओळखण्याची सवय मुलांना लावता येते. हिवताप पसरविणाऱ्या ॲनोफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते. क्युलेक्स व एडीसच्या अळ्या श्वासनळी वर धरून डोके खाली करून लोंबकळतात. स्वल्पविरामासारखा दिसणारा कोष काही खात नाही, परंतु सावली पडताच गोते मारतो. डेंग्यूचा प्रसार करणारी एडीस इजिप्ती जातीची मादी अंडी पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओल्या कडेला चिकटविते. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागताच फुटतात. अनुकूल तापमानात अंड्यापासून प्रौढापर्यंतचा काळ साधारण आठ ते दहा दिवसांचा असतो. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याचे आवाहन या आकड्यावर आधारलेले आहे. आणि पिंप नुसते रिकामे न करता आतून घासून काढावे, ही सूचना अंड्यांच्या चिकटण्यावर. कारण न कळता दिलेल्या सूचना पहिल्या पावसातच विसरल्या जातात. कूलरमधील पाणी ओतून देणारे कुटुंब त्याच्या कडा घासत नाही, यात आळसापेक्षा अज्ञानाचा भाग मोठा असतो.

प्रजननाच्या बाणावरच घाव घालण्याचे प्रयत्नही चालू आहेत. पुदुच्चेरी येथील रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने २०२२ मध्ये वोल्बाकिया हा जीवाणू असलेल्या एडीस डासांची पैदास केल्याचे जाहीर केले. हा जीवाणू डासाच्या पेशींत राहतो, मातेकडून अंड्यांत जातो आणि डेंग्यूच्या विषाणूची वाढ रोखतो. जीवाणू असलेल्या नराचा जीवाणू नसलेल्या मादीशी संयोग झाल्यास अंडी फुटत नाहीत. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या जीवाणूयुक्त डासांचे प्रमाण वाढत जाते.

मुझफ्फरपूरची गोष्ट वेगळ्या अंगाची आहे. एनसीईआरटीच्या इयत्ता चौथीच्या पुस्तकात बिहारमधील बोचहा येथील अनिता कुशवाहा या मुलीची सत्यकथा होती. शिकविण्या घेऊन आपले शिक्षण चालविणाऱ्या या मुलीने लिचीच्या बागांच्या त्या प्रदेशात मधमाश्या पाळण्याचे प्रशिक्षण घेतले आणि व्यवसाय उभा केला. पेट्या केव्हा घ्याव्यात, याचे उत्तर माश्यांच्या जीवनचक्रात होते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा अंडी घालण्याचा काळ, आणि लिचीला फुले येतात फेब्रुवारीत. फुले येतील तेव्हा पेटी कामकरी माश्यांनी भरलेली असावी, तर आरंभ हिवाळ्याआधीच झाला पाहिजे. जीवनचक्र म्हणजे किडीचा नायनाट करण्याचे शस्त्र, अशी एकांगी समजूत पुष्कळ पाठांतून होते. बोचहाची कथा तिला उतारा आहे.

विदर्भात २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापसाचे अतोनात नुकसान केले. ही अळी अंड्यातून निघाल्यावर लगेच पातीत किंवा बोंडात शिरते. नंतर केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून पतंगांच्या हालचालीवर लक्ष ठेवावे लागते. एका कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस प्रतिदिन आठ किंवा अधिक पतंग अडकले, की उपाययोजनेची वेळ आली असे कृषितज्ज्ञ सांगतात. हंगामानंतर कापसाची फरदड घेऊ नये, हा सल्लाही जीवनचक्रावर आधारलेला आहे. उन्हाळ्यात शेतात बोंडेच नसतील तर अळीची साखळी तुटते. फरदडीतून मिळणारे थोडे उत्पन्न समोर दिसते. तिच्यातून वाढणारी पुढच्या हंगामाची कीड दिसत नाही. ही न दिसणारी पिढी दृष्टीसमोर उभी करण्याचे सामर्थ्य शाळेतील एका बरणीत आहे.

कोषातील जिवाचा प्रश्न

रेशमाचा पाठ शिकविताना एक प्रश्न हमखास येतो. अखंड धागा मिळविण्यासाठी कोष उकळत्या पाण्यात किंवा वाफेत टाकतात. मग आतल्या जिवाचे काय होते? तो मरतो, हे उत्तर टाळू नये. पतंग बाहेर पडताना कोषाला भोक पाडतो व धागा तुटतो, म्हणून ही पद्धत अवलंबिली जाते. आसाम व ईशान्येकडील राज्यांत होणाऱ्या एरी रेशमाचे कोष मात्र मुळातच एका बाजूने उघडे असतात. त्यांतून पतंग निघून गेल्यावरही सूत कातता येते. तुती, टसर, एरी आणि मुगा हे चारही प्रकारचे रेशीम व्यापारी प्रमाणावर तयार करणारा भारत हा एकमेव देश असल्याने ही तुलना देशातील उदाहरणांनीच करता येते. निर्णय मुलांना घेऊ द्यावा. या व्यवसायावर चूल पेटणारी कुटुंबेही वर्गात असू शकतात, याचे भान शिक्षकाने राखावे.

याच उद्योगात चौथ्या बाणाचे आर्थिक मोल कळते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेब्रिन या रोगाने फ्रान्समधील रेशीम उद्योग डबघाईस आला होता. लुई पाश्चर यांनी १८६५ पासून काही वर्षे त्याचा अभ्यास केला. रोग मातेकडून अंड्यांत उतरतो, असे दिसून आल्यावर त्यांनी सोपी पद्धत सुचविली. प्रत्येक मादीची अंडी वेगळी ठेवावीत, अंडी घालून झाल्यावर ती मादी चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी आणि रोगाचे बीजाणू आढळल्यास तिची सर्व अंडी नष्ट करावीत. भारतातील अंडीपुंज निर्मिती केंद्रांत आजही रोगमुक्त अंडीपुंजांसाठी मातृपतंगाची तपासणी केली जाते. शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या प्रत्येक अंडीपुंजामागे एका मातेची तपासणी असते.

होशंगाबादचा अनुभव

अशा रीतीने विज्ञान शिकविणे सामान्य सरकारी शाळांत शक्य आहे काय? मध्य प्रदेशातील होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा ग्रामीण माध्यमिक शाळांत किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो पुढे नेला. सहावी ते आठवीची मुले गटागटाने प्रयोग करीत, परिसरात फेरी मारून नमुने गोळा करीत आणि ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात उत्तरे नव्हे तर प्रश्न वाचीत. मुलांना पडलेल्या प्रश्नांना पत्राने उत्तर देण्यासाठी ‘सवालीराम’ हे पात्र निर्माण करण्यात आले. परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा असे आणि प्रात्यक्षिकालाही गुण असत. कार्यक्रम पुढे अनेक जिल्ह्यांतील शेकडो शाळांपर्यंत पोहोचला. २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. त्या निर्णयाची चर्चा अजूनही होते. शाळांत साधने नसल्याने प्रयोग होत नाहीत, ही सबब मात्र या तीस वर्षांनी खोटी ठरविली, एवढे निश्चित म्हणता येते.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्येही अनुभवाधारित शिक्षणावर भर आहे. तो प्रत्यक्षात उतरावयाचा तर कीटकांच्या बाबतीत काही पथ्ये पाळावी लागतील. डासांच्या अळ्यांच्या बरणीवर घट्ट जाळी हवी आणि कोष दिसू लागताच रोज मोजणी हवी. शाळेनेच डास सोडले तर पालकांचा विश्वास उडेल. काही फुलपाखरांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे, तेव्हा दिसेल ते फुलपाखरू पकडणे योग्य नव्हे. कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या झाडावर अंडी घालणारे लिंबाचे फुलपाखरू सर्वत्र आढळते. त्याची अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी आणि पुढे हिरवीगार दिसते, डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी शिंगे बाहेर काढते. कुंडीतील झाडावरच ती पाहावी. तिला बरणीत ठेवावे लागले तर रोज ताजी पाने हवीत आणि शनिवार-रविवारच्या पानांची जबाबदारी कोणाची, हे शुक्रवारीच ठरलेले हवे. आठवड्याच्या सुट्टीत उपाशी मेलेली अळी हा अशा उपक्रमांचा नेहमीचा शेवट असतो.

परीक्षेतील प्रश्नही बदलावे लागतील. ‘डासाच्या जीवनचक्राची आकृती काढा’ या प्रश्नाला फळ्यावरून उतरविलेले उत्तर चालते. ‘एका घरी दर पंधरा दिवसांनी, तर दुसऱ्या घरी दर सहा दिवसांनी पिंप घासले जाते, कोणत्या घरी प्रौढ डास तयार होतील आणि का?’ या प्रश्नाला तीच आकृती वापरावी लागते, पण दिवसांच्या हिशेबासह. किंवा मुगाचे पाच दाणे द्यावेत, त्यांपैकी दोघांवर पांढरे ठिपके, एकावर वाटोळे भोक, आणि विचारावे की कोणत्या दाण्यात आता जीव असू शकेल. भोक पडलेला दाणा बहुतेक मुले निवडतात. त्यातून भुंगेरा केव्हाच निघून गेलेला असतो.